सोळाव्या वर्षी गाडीची किल्ली : नकार किती ठाम असावा?

गोदाकाठ

नमस्कार. आमचा मुलगा यंदा अकरावीला आहे आणि त्याला नुकतीच सोळा वर्षे पूर्ण झाली आहेत. नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळ आमचे घर आहे, त्याचा क्लास कॉलेज रोडला आहे, आणि दहावीचा निकाल लागल्यापासून घरात स्कूटर हा एकच विषय आहे. त्याच्या तुकडीतील बरीच मुले घरच्या दुचाकीने येतात. परवाना कोणाकडेच नाही आणि हे त्यांच्या आईवडिलांना पूर्णपणे ठाऊक आहे. यजमानांनी व मी मुलाला स्पष्ट सांगितले आहे की अठरा वर्षे पूर्ण होऊन परवाना हातात येईपर्यंत गाडी मिळणार नाही.

या निर्णयाबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझा प्रश्न त्यानंतरच्या दिवसांविषयी आहे. मुलगा आमच्याशी जेमतेम बोलतो, ताट घेऊन स्वतःच्या खोलीत जातो आणि कोणत्याही विषयावर "तुमचा माझ्यावर विश्वासच नाही" या एका वाक्यावर येऊन थांबतो. सासऱ्यांची स्कूटर दारात उभी असते. ती नातवाने वापरावी असे त्यांना मनापासून वाटते आणि तसे ते त्याच्यासमोर बोलूनही दाखवतात. नकार कायम ठेवूनही माया मुलापर्यंत पोहोचावी यासाठी काय करावे, घरातील वडीलधाऱ्यांना या निर्णयात कसे सामावून घ्यावे, आणि एवढ्या मोठ्या नकाराबरोबर इतर कोणत्या गोष्टींत मुलाला मोकळीक द्यावी, याविषयी आपले अनुभव वाचायला आवडतील.

तिसरा मजला

ठाम राहा. यावर दुसरे मत असूच शकत नाही.

सह्यकडा

दुसरे मत आहे, म्हणून लिहितो. माझे गाव जत तालुक्यात आहे. आमच्याकडे पंधरा वर्षांचा मुलगा पहाटे मोटारसायकलवर दुधाचे कॅन बांधून संकलन केंद्रावर जातो आणि तेथून आल्यावर त्याच गाडीने तालुक्याच्या कॉलेजला जातो. एसटीच्या फेऱ्या मोजक्या आहेत आणि सकाळची गाडी पोहोचेपर्यंत पहिला तास संपलेला असतो. मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास मिळतो, काही तालुक्यांत मानव विकासच्या निळ्या बसही आहेत, मुलांना सवलतीचा पास आहे. परंतु गाडीच वेळेवर नसेल तर त्या पासचा उपयोग काय?

गोदाकाठ यांचा निर्णय त्यांच्या परिस्थितीत योग्य आहे, याबद्दल वाद नाही. मात्र अल्पवयीन मुलाला गाडी देणारे सर्व पालक बेफिकीर असतात असा सूर या धाग्यावर लागू नये, एवढीच विनंती आहे. मर्यादा पाळण्याचा खर्च प्रत्येक घराला सारखा पडत नाही.

एक वकील

सह्यकडा यांची अडचण खरी आहे, परंतु कायदा गरज आणि हौस यांत फरक करत नाही, हे पालकांना माहीत असावे म्हणून थोडे तपशिलाने लिहितो.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९ अ आले. अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना या कायद्याखालील गुन्हा केला, तर त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी मानला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड अशी आहे. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना मिळू शकत नाही. 'आम्हाला माहीत नव्हते' किंवा 'आम्ही पुरेशी खबरदारी घेतली होती' हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकावर असते. विनापरवाना चालकाच्या हातून कोणी जखमी किंवा मृत झाल्यास विमा कंपनी पीडिताला भरपाई देऊन ती रक्कम वाहनमालकाकडून वसूल करू शकते.

सोळाव्या वर्षी परवाना मिळतो असे अनेकांना वाटते. तो ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर दुचाकीसाठी असतो. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक सर्व स्कूटर १०० सीसीच्या पुढच्या असल्याने तो परवाना त्यांना चालत नाही. विजेवर चालणाऱ्या, २५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत वेग असलेल्या दुचाकींना परवाना व नोंदणी लागत नाही, हे खरे आहे. परंतु त्यांचा वेग दुकानातच वाढवून घेतला, की त्या सवलतीबाहेर जातात, हे विकत घेताना कोणी सांगत नाही.

गोदाकाठ, आपल्या सासऱ्यांना एवढेच दाखवा की स्कूटर त्यांच्या नावावर असेल, तर कलमातील 'मालक' या शब्दात ते स्वतः येतात.

रात्रपाळी

मी एका मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात डॉक्टर आहे. प्रसंग सांगणार नाही, कारण ते त्या कुटुंबांचे आहेत. वैद्यकीय बाजू मात्र लिहितो.

हाडे तरुण वयात चांगली जुळतात. मेंदूला झालेली इजा तशी भरून येत नाही. ज्यांचा जीव वाचतो त्यांच्यापैकी काहींची स्मृती, बोलणे, राग आवरण्याची क्षमता कायमची बदलते, आणि ते मूल घरी परतले तरी आईवडिलांना त्याची नव्याने ओळख करून घ्यावी लागते. 'पडेल, झडेल, शिकेल' हे सायकलच्या बाबतीत मला मान्य आहे. ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने पडणाऱ्याला शिकण्याची संधी मिळेलच असे नाही.

आणखी एक गोष्ट. मुलगा एकटा असताना जबाबदारीने चालवतो आणि मित्र मागे बसले की वेगळा होतो, हा पालकांचा अनुभव खोटा नाही. अमेरिकेतील टेंपल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ साली संगणकावरील वाहन चालवण्याच्या खेळातून हे तपासले होते. समवयस्क पाहत असताना किशोरवयीन मुलांनी एकट्याने खेळतानापेक्षा बराच अधिक धोका पत्करला, प्रौढांमध्ये तसा फरक जवळपास दिसला नाही. तेव्हा मुलाने "माझ्यावर विश्वास नाही का" असे विचारले, तर "तुझ्यावर आहे, पण मागे दोन मित्र बसल्यावर कोणाचाही मेंदू या वयात कसा वागतो ते आम्हाला ठाऊक आहे" असे उत्तर प्रामाणिकपणे देता येते.

चाफेकळी

माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. तिचा क्लास रात्री साडेआठला सुटतो आणि त्यानंतर रिक्षाथांब्यावर उभे राहण्यापेक्षा ती स्कूटरवर अधिक सुरक्षित आहे, असे मला वाटत आले आहे. मुलींच्या बाबतीत ही चर्चा एवढी सरळ नाही. कायदा मोडू नये हे कळते, पण अंधारात एकटे उभे राहण्याचा धोका कोणत्या कलमात मोजला जातो?

रात्रपाळी

चाफेकळी, आपली भीती पूर्णपणे रास्त आहे. प्रश्न रात्री साडेआठनंतरच्या प्रवासाचा आहे, तर उत्तरही त्या प्रवासाचेच शोधले पाहिजे. त्या भागातील चार घरांनी मिळून ओळखीच्या रिक्षाचालकाशी महिन्याचे ठरवणे किंवा पालकांनी आळीपाळीने आणायला जाणे, हे गैरसोयीचे आहे. पण एक धोका टाळण्यासाठी मुलीच्या हाती दुसरा सोपवू नये असे मला मनापासून वाटते.

चाफेकळी

महिन्याच्या रिक्षाचा विचार आम्ही केला नव्हता. तिच्या तुकडीतील इतर आयांशी बोलते.

ग्रंथसंग्रह

"लालयेत् पञ्च वर्षाणि दश वर्षाणि ताडयेत्, प्राप्ते तु षोडशे वर्षे पुत्रं मित्रवदाचरेत्" हे सुभाषित आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या सांगितले गेले आहे. आजच्या पालकांनी मधली दहा वर्षे लाडातच घालवली आणि आता सोळाव्या वर्षी एकदम शिस्त लावायला निघाले, म्हणून ही वेळ येते. दोन धपाटे वेळेवर पडले असते, तर मुलाने ताट घेऊन खोलीत जाण्याचे धाडस केले नसते.

वळणवाट

ग्रंथसंग्रह, आपल्या वयाचा मान राखून असहमती नोंदवतो.

माझे वडील कडक होते आणि पट्टा खुंटीला टांगलेला असे. मी त्यांचा शब्द कधी मोडला नाही, निदान त्यांना दिसेल असा. सतरा वर्षांचा असताना मित्राच्या मोटारसायकलवरून पडून माझे मनगट मोडले. घरी कळले तर काय होईल या भीतीने मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते बाहीखाली लपवून ठेवले. आईने वेणीफणी करताना माझ्या हातातून आरसा निसटलेला पाहिला आणि तिच्या लक्षात आले. वडिलांना तोपर्यंत काहीही माहीत नव्हते. त्यांच्या शिस्तीने माझे गाडीवर बसणे थांबले नव्हते, फक्त त्यांना सांगणे थांबले होते. आज मी चाळिशीत आहे, ते थकले आहेत, मी त्यांची सेवा मनापासून करतो, आणि तरीही माझ्या आयुष्यातील एकही अडचण मी त्यांना आपणहून सांगितलेली नाही.

म्हणून माझ्या मुलीला मी नियमासोबतच एक गोष्ट सांगून ठेवली आहे. ती कोठेही, कोणत्याही अवस्थेत, कोणताही नियम मोडून अडकली असली, तरी मला फोन करायचा. मी येईन. त्या रात्री एकही प्रश्न विचारणार नाही आणि बोलायचे ते दुसऱ्या दिवशी बोलू. या वचनाने नियम सैल होत नाही. नियम मोडला गेला तरी जीव वाचावा, यासाठी ते आहे.

जुनी शिक्षिका

वळणवाट यांच्याशी शंभर टक्के सहमत. शाळेत तीस वर्षे शिकवले आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना बंदी घातली, तेव्हा अनेक सहकाऱ्यांना 'आता वर्ग हाताबाहेर जाणार' असे वाटले होते. ज्यांचे वर्ग शांत होते त्यांचे नंतरही शांतच राहिले, कारण ते मुळातच छडीच्या जोरावर चालत नव्हते. ते वेळेवर येत, वही तपासून देत आणि जे बोलत ते करत.

गाड्यांविषयी सांगायचे तर आमच्या शाळेने आवारात विद्यार्थ्यांच्या दुचाकींना मनाई केली आहे. मुले दोन गल्ल्या अलीकडे गाडी लावून चालत येतात. पालकसभेत हा विषय काढला की निम्मे पालक खाली पाहतात आणि उरलेले "मॅडम, तुम्हीच सांगा त्यांना" असे म्हणतात. किल्ली घरातून निघते. तिचा नकारही घरातूनच यायला हवा.

पारिजात

मी समुपदेशक म्हणून काम करते. ग्रंथसंग्रह यांनी दिलेल्या सुभाषिताच्या शेवटच्या चरणाकडे प्रथम लक्ष वेधते. त्यांच्याच प्रमाणानुसार गोदाकाठ यांचा मुलगा आता मित्रासारखे वागवण्याच्या वयात आला आहे, त्यामुळे धपाट्यांचा मार्ग त्या परंपरेतही बंद झालेला आहे.

मूळ प्रश्नाकडे येते. डायना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात बर्कली येथे पालकांच्या वागण्याचा अभ्यास करून तीन प्रकार मांडले. काही पालक आज्ञा देतात आणि कारण सांगत नाहीत. काही भरपूर माया करतात, पण अपेक्षा ठेवत नाहीत. काही पालकांकडे ठाम अपेक्षा आणि ऊब या दोन्ही गोष्टी एकत्र असतात, ते कारण सांगतात, ऐकून घेतात आणि तरीही शेवटचा शब्द स्वतःकडे ठेवतात. १९८३ मध्ये मॅकोबी आणि मार्टिन यांनी त्यात चौथा, म्हणजे दोन्ही बाबतींत अलिप्त राहणाऱ्या पालकांचा प्रकार जोडला. आपल्याकडे ही चर्चा बहुधा 'कडक की प्रेमळ' अशा एकाच रेषेवर होते. बॉमरिंड यांच्या मांडणीचे महत्त्व असे की या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही एकाच वेळी भरपूर असू शकतात.

आता खोलीत नेलेल्या ताटाविषयी. एखादी गोष्ट आजवर हट्टाने मिळत आली असेल आणि अचानक मिळेनाशी झाली, तर हट्ट लगेच कमी होत नाही. आधी तो वाढतो. वर्तनशास्त्रात हे सुपरिचित आहे, आणि नेमक्या या वाढीच्या टप्प्यावर बहुतेक घरे हार मानतात. पंधरा दिवसांच्या अबोल्यानंतर किल्ली दिली, तर मुलगा एवढेच शिकतो की पुढच्या वेळी पंधरा दिवस धरून ठेवावे लागतील. अधूनमधून फळाला येणारा हट्ट हा कधीच फळाला न येणाऱ्या हट्टापेक्षा कितीतरी चिवट असतो. म्हणून जो नकार शेवटपर्यंत पेलणार नाही तो देऊच नये, आणि जो दिला तो दर आठवड्याला नव्या चर्चेला ठेवू नये.

त्याच्या अबोल्याला मात्र अबोल्याने उत्तर देऊ नका. ताट खोलीत नेले तर नेऊ द्या, पण त्यात त्याच्या आवडीची भाजी असू द्या. सकाळी नावाने हाक मारा, क्लासमध्ये काय झाले ते विचारा, उत्तर आले नाही तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. नकार गाडीला दिलेला आहे, त्याला स्वतःला दिलेला नाही, हे भाषणातून पटत नाही. रोजच्या वागण्यातून ते हळूहळू पोहोचते.

तिसरा मजला

पण मग 'टफ लव्ह' म्हणतात ते काय? मुलाला काही दिवस पूर्ण तोडून टाकले की तो ताळ्यावर येतो, असे अनेक चित्रफितींत सांगतात.

पारिजात

तोडून टाकण्याला शास्त्राचा आधार नाही. अमेरिकेत १९७०–८० च्या दशकांत या नावाखाली मुलांना घरापासून दूर ठेवून, अपमान करून, मोडून 'सुधारणारी' केंद्रे निघाली. फ्लोरिडात १९७६ मध्ये सुरू झालेली 'स्ट्रेट' ही त्यांतील एक मोठी संस्था. तेथे गेलेल्या मुलांनी छळाच्या तक्रारी केल्या, खटले झाले आणि १९९३ पर्यंत ती बंद पडली. मर्यादा कृतीवर असते आणि मुलाला ती आधी माहीत असते. नाते काढून घेणे ही धमकी आहे, आणि ती ज्या मुलाला सर्वाधिक मदत हवी असते त्यालाच सर्वाधिक लागते.

पंचगंगा

वरचा शेवटचा परिच्छेद वाचून लिहिल्यावाचून राहवले नाही. विषय थोडा पुढच्या वयाचा आहे, पण मुद्दा तोच आहे.

आमच्या थोरल्या मुलाला दारूचे व्यसन आहे. तो सव्वीस वर्षांचा आहे. नातेवाईकांनी दोन टोकांचे सल्ले दिले. एका बाजूचे म्हणत, घराबाहेर काढा, रस्त्यावर आला की सुधारेल. दुसऱ्या बाजूचे म्हणत, लग्न करून द्या. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये, म्हणजे डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या केंद्रात, त्याला दाखल केले तेव्हा उपचाराबरोबर घरच्यांशीही बोलले जाते हे कळले, आणि आमचे खरे शिक्षण तेथे झाले. व्यसनाचा खर्च उचलणे आणि मुलाला आधार देणे या दोन गोष्टी आम्हाला वेगळ्या दिसू लागल्या.

त्यानंतर यांनी व मी मिळून ठरवले. त्याची उसनवारी आम्ही फेडणार नाही. कामावर न गेल्यास 'बरे नाही' असा फोन आम्ही करणार नाही. पिऊन आल्यास त्या रात्री त्याच्याशी कोणतीही चर्चा होणार नाही. जेवण, अंथरूण आणि उपचाराचा खर्च मात्र कायम मिळेल. हे त्याला तो शुद्धीत असताना, न रागावता, यांनी स्वतः सांगितले. पहिल्यांदा घेणेकरी दारात आला आणि यांनी त्याला परत पाठवले, तेव्हा मी आतल्या खोलीत देवापुढे बसून होते. मुलाने ते कर्ज पगारातून फेडायला घेतले. तो पूर्ण बरा झाला असे मी म्हणणार नाही, त्याचा एकदा पुन्हा तोल गेला आणि तो स्वतःहून परत केंद्रात गेला. पण स्वतःहून गेला, हे मला फार मोठे वाटते.

गोदाकाठताई, आपले मूल लहान आहे, प्रश्न साधा आहे आणि आपण वेळेवर विचार करत आहात. मर्यादा घालताना सर्वांत जास्त यातना घालणाऱ्याला होतात, हे मात्र मनाशी धरून ठेवा, नाहीतर त्या टाळण्यासाठीच आपण नमते घेतो.

गोदाकाठ

पंचगंगाताई, आपण हे येथे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. मी प्रतिसाद यजमानांना वाचून दाखवला.

ओसरी

मी आजोबांच्या बाजूने लिहितो. वय बहात्तर.

सासरेबुवांना खलनायक करू नका. आमच्या वयात हातात देण्यासारखे फारसे उरत नाही. घरातले निर्णय तुम्ही घेता, नातवाच्या अभ्यासातले आम्हाला कळत नाही, आणि दारात उभी असलेली स्कूटर ही एक गोष्ट आम्ही अजून देऊ शकतो. ती देताना नातवाच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, त्यासाठी आम्ही सुनेचा रोषही पत्करतो.

त्यांना मुलासमोर अडवू नका, नातवामार्फत निरोप तर मुळीच पाठवू नका. आपल्या यजमानांनी, म्हणजे त्यांच्या मुलानेच, त्यांच्याजवळ निवांत बसावे. वकीलसाहेबांनी सांगितलेले कलम दाखवावे आणि मग विचारावे, "बाबा, याला अठराव्या वर्षी गाडी तुम्ही शिकवाल का?" द्यायचे काहीतरी त्यांच्या हाती राहिले पाहिजे. माझ्या घरी दोघा नातवांना सायकलचे पंक्चर काढण्यापासून साखळी बसवण्यापर्यंत सर्व मी शिकवले आहे आणि त्यात स्कूटर देण्यापेक्षा अधिक समाधान आहे.

ग्रंथसंग्रह

ओसरी यांचा प्रतिसाद आवडला. माझे धपाट्यांविषयीचे मत मी बदललेले नाही, परंतु वडीलधाऱ्यांनी मुलासमोर आईवडिलांचा शब्द खाली पडू देऊ नये, हे आमच्या पिढीनेही पाळले पाहिजे.

हडसनकाठ

आम्ही न्यू जर्सीत राहतो. येथे सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी गाडी चालवणे सर्वमान्य आहे, पण सर्व हक्क एकदम मिळत नाहीत. आधी शिकाऊ परवान्यावर अनुभवी प्रौढाला शेजारी बसवून चालवायचे. सतराव्या वर्षी तात्पुरता परवाना मिळतो, त्यावर रात्री अकरानंतर पहाटे पाचपर्यंत गाडी चालवता येत नाही आणि आईवडील किंवा पालक गाडीत नसतील तर स्वतःच्या मुलांखेरीज एकाच सोबत्याला बसवता येते. एकवीस वर्षांखालील अशा चालकाच्या गाडीच्या नंबरपाटीवर लाल चिकटपट्टी लावावी लागते. ही टप्प्याटप्प्याची पद्धत प्रथम न्यूझीलंडने १९८७ मध्ये आणली.

भारतात अठराव्या वर्षी परवाना मिळाला की कायद्याने सर्व मोकळे होते. परंतु टप्पे घरातून ठरवता येतात. पहिले काही महिने मागे कोणालाही बसवायचे नाही, रात्री गाडी न्यायची नाही, महामार्ग नको, हेल्मेट अर्थातच हवे. आमच्या मुलाला आम्ही आधीच सांगितले होते की प्रत्येक टप्पा पार झाला की पुढची मोकळीक आपोआप मिळेल, त्यासाठी त्याला मागावे लागणार नाही. 'नाही' ऐकणाऱ्या मुलाला 'केव्हा हो' हे स्पष्ट कळले, तर त्याचा राग बराच निवळतो.

पारिजात

याला दुजोरा देते. रॉचेस्टर विद्यापीठातील २०१३ चा एक अभ्यास आठवतो. लहान मुलांना 'थांबलास तर दुप्पट खाऊ मिळेल' असे सांगितले होते. ज्या मुलांशी आधी मोठ्यांनी दिलेला शब्द पाळला होता, ती ज्यांच्याशी शब्द मोडला होता त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक वेळ थांबली. मूल संयम दाखवते की नाही, हे आपल्या शब्दाचा त्याला आजवर काय अनुभव आला आहे, यावरही अवलंबून असते. अठराव्या वर्षाचे वचन देणार असाल तर तारखेसह द्या आणि पाळा.

सह्यकडा

मी सुरुवातीला विरोधी सूर लावला होता. माझ्या अडचणीचे उत्तर येथे मिळाले नाही आणि ते घराघरातून मिळणारही नाही, त्यासाठी सकाळची एसटी वेळेवर धावली पाहिजे. चाफेकळी यांना सुचवलेली एकत्र रिक्षेची पद्धत मात्र आमच्या वस्तीवरही चालू शकेल. कॉलेजला जाणारी मुले सहा-सात आहेत आणि एकाची जीप आहे. ग्रामपंचायतीमार्फत आगाराला फेरीची वेळ बदलण्याचा अर्जही देतो आहोत.

जुनी शिक्षिका

सह्यकडा, अर्जासोबत कॉलेजचे वेळापत्रक आणि प्राचार्यांचे पत्र जोडा. विद्यार्थ्यांची संख्या लेखी दिसली की आगारप्रमुखांना वरिष्ठांपुढे मांडणे सोपे जाते.

वळणवाट

गोदाकाठ यांचा एक प्रश्न अजून अनुत्तरित आहे: बाकी कोणत्या गोष्टींत मोकळीक द्यावी? माझे मत असे की जेथे झालेले नुकसान भरून येते, तेथे निर्णय मुलाचा असू द्यावा. केस कसे ठेवावेत, खोली कशी असावी, रविवारी किती वाजता उठावे, खर्चाचे पैसे पहिल्याच आठवड्यात संपवले तर पुढचे तीन आठवडे कसे काढावेत, हे सर्व त्याचे. डबा विसरला तर आपण धावत नेऊन देऊ नये. गृहपाठ राहिला तर शिक्षकांना चिठ्ठी लिहू नये. जेथे नुकसान भरून येत नाही, म्हणजे गाडी, व्यसन, पोहता येत नसताना धरणात उतरणे, तेथे मात्र त्याच्या नाराजीची किंमत देऊनही आपण उभे राहावे. असे नियम फार नसतात, आणि थोडेच असल्यामुळे ते पेलतात.

तिसरा मजला

मोबाइल कोणत्या यादीत?

वळणवाट

तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. आमच्या घरी रात्री मोबाइल बैठकीच्या खोलीत राहतात. आमचेसुद्धा.

गोदाकाठ

सर्वांचे आभार मानून काय झाले ते लिहिते.

यजमानांनी प्रथम सासऱ्यांशी बोलून घेतले. कलम त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचले आणि "हे मला आधी कोणी का सांगितले नाही" एवढेच म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी नातवाला स्वतः बोलावून सांगितले की ही स्कूटर तुझीच आहे, अठराव्या वाढदिवसानंतर शिकाऊ परवाना काढ, मी तुला शिकवतो, तोवर किल्ली माझ्या कपाटात राहील. हे आमच्यापैकी कोणी सांगितले असते तर मुलाने एवढे ऐकून घेतले नसते.

आम्ही त्याला वर्षभराची यादी दाखवली. एका बाजूला आमचा नकार होता, तोही एकच. दुसऱ्या बाजूला त्याचे निर्णय होते: खोली, केस, रविवार, महिन्याचे पैसे आणि क्लासची तुकडी निवडणे. त्याने यादी शांतपणे वाचली आणि लगेच तुकडी बदलून मागितली. त्याला सकाळची हवी होती, कारण तेव्हा सिटीलिंकची बस मिळते आणि रात्री आम्हाला त्याला आणायला जावे लागत नाही. हे त्याने स्वतःच हेरले होते. आम्ही लगेच होकार दिला. वळणवाट यांचे 'केव्हाही फोन कर' हे वचनही यजमानांनी त्याला दिले. त्यावर तो काही बोलला नाही.

तो अजून नाराज आहे. मित्रांबरोबर गाडीवर मागे बसण्याविषयी काय, असे त्याने काल विचारले. परवाना असलेल्या मित्राच्या मागे, हेल्मेट घालून, आणि दोघांहून अधिक नाही, असे आम्ही सांगितले. यावर वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही.

एक वकील

मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचे आहे, तेव्हा त्या अटीवर तडजोड करू नका. शिकाऊ परवाना मिळाल्यापासून किमान तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते आणि शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. अठरावा वाढदिवस बारावीच्या परीक्षेच्या आसपास येत असेल, तर परीक्षेनंतरची तारीख आताच त्याच्याशी बोलून ठरवून टाका, म्हणजे ऐनवेळी नवा वाद होणार नाही.

गोदाकाठ

वाढदिवस जूनमध्ये येतो, म्हणजे परीक्षा झालेली असेल. सासऱ्यांनी त्यांच्या दिनदर्शिकेत तारीख लिहून ठेवली आहे.